दूरस्थ मातृत्व आणि संवादमाध्यमे : फिलिपिनो स्थलांतरित मातांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

कुटुंबसंस्थेच्या इतिहासलेखनात संवादमाध्यमांना बहुधा दुय्यम स्थान मिळाले आहे. पत्र, ध्वनिफीत, दूरध्वनी ही नाते टिकविण्याची केवळ साधने मानली गेली. साधन बदलले की नात्याचे स्वरूपही बदलते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. संज्ञापनशास्त्राच्या अभ्यासक मिर्का मादियानू यांनी मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल मिलर यांच्यासमवेत लिहिलेल्या ‘मायग्रेशन अँड न्यू मीडिया’ (२०१२) या ग्रंथाच्या केंद्रस्थानी नेमका हाच प्रश्न आहे. लंडन व केंब्रिज येथे परिचारिका, घरकामगार आणि शुश्रूषा-सेविका म्हणून राबणाऱ्या फिलिपिनो माता व मायदेशी मागे राहून आता प्रौढ झालेली त्यांची मुले, अशा दोन्ही बाजूंच्या मुलाखती या अभ्यासात घेतल्या गेल्या. प्रस्तुत लेखात या अभ्यासाचा विचार त्याच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीसह केला आहे.

स्थलांतराचे शासकीय धोरण

फिलिपिनो स्त्रियांचे परदेशगमन हे वैयक्तिक निर्णयांची गोळाबेरीज नव्हते. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत १९७४ च्या कामगार संहितेने श्रमिकांच्या निर्यातीला शासकीय धोरणाचा दर्जा दिला. १९८२ च्या एका आदेशान्वये परदेशी मिळकतीचा ठरावीक हिस्सा मायदेशी पाठविणे बंधनकारक करण्यात आले. घरकामगारांसाठी हे प्रमाण ५० टक्के होते. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी याच कामगारांचा ‘नवे वीर’ म्हणून गौरव केला. प्रारंभी आखातात जाणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य होते. १९९० च्या दशकात मात्र हाँगकाँग, सिंगापूर, इटली आदी ठिकाणी घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने वाढली. मार्च १९९५ मध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासियॉन या घरकामगार स्त्रीला सिंगापुरात फाशी देण्यात आली, तेव्हा फिलिपिन्समध्ये मोठा प्रक्षोभ उसळला आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला.

कोकणातील मनीऑर्डरवर चालणारी घरे मराठी वाचकाला परिचित आहेत. तेथे चाकरमानी मुंबईत असे आणि घर बाई सांभाळी. बापाच्या अनुपस्थितीची समाजाला सवय होती. फिलिपिन्समध्ये हीच मांडणी उलटी झाली. तेथील लोकभाषेत बाप हा घराचा ‘खांब’ आणि आई ही घराचा ‘दिवा’. खांब दूर गेला तरी घर उभे असल्याचे मानले जाई. दिवा दूर जाताच घर अंधारले, अशी ओरड वृत्तपत्रांतून व व्यासपीठांवरून होऊ लागली. ‘आनाक’ (२०००, अर्थ ‘अपत्य’) या लोकप्रिय चित्रपटातील आई हाँगकाँगहून परतते, तेव्हा मुलेच तिला परकी मानतात. समाजशास्त्रज्ञ रासेल सालाझार पारेन्यास यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात या दोषारोपाचे मर्म अचूक दाखविले. आई गेल्यावर बापाने संगोपनाचा भार उचलला नाही, तो आजी, मावशी किंवा थोरल्या मुलीवर पडला. आणि आईने मात्र दुरूनही पूर्वीइतकेच ‘आई’ असावे, ही अपेक्षा कायम राहिली. येथे प्रश्न केवळ अंतराचा नसून लिंगभावाचा आहे, हे विसरून चालणार नाही.

पत्रापासून पडद्यापर्यंत

१९८० च्या दशकात व त्यानंतरही काही काळ या कुटुंबांचा संपर्क पत्रांवर व ध्वनिफितींवर अवलंबून होता. पत्र पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत. मुलाच्या तापाची बातमी आईला कळे, तेव्हा ताप केव्हाच उतरलेला असे. पत्रातील आई सहसा प्रेमळ, समंजस आणि काहीशी आदर्श असे, कारण लिहिताना अश्रू व संताप दोन्ही आवरता येतात. ध्वनिफितीत आवाज आला, पण उत्तर ताबडतोब येत नव्हते. दूरध्वनी होता तो थोड्यांकडे. १९९३ पूर्वी या क्षेत्रावर एकाच कंपनीचे जवळजवळ पूर्ण वर्चस्व होते आणि जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. ९८ टक्के फिलिपिनो दूरध्वनीची वाट पाहतात आणि उरलेले २ टक्के डायल टोनची, असा टोला सिंगापूरचे ली क्वान यू यांनी लगावल्याचे सांगितले जाते.

स्वस्त प्रीपेड मोबाईल व लघुसंदेश यांनी हे चित्र अल्पावधीतच पालटले. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्याविरोधातील जनआंदोलनात लघुसंदेशांनी बजावलेली भूमिका सर्वज्ञात आहे; घराघरांतील बदलाची चर्चा तितकी झाली नाही. आता आई लंडनहून रोज विचारू लागली : जेवलास का, अभ्यास झाला का, फी भरली का. पुढे वेबकॅम आला आणि काही घरांत तो तासन्‌तास सुरूच राहू लागला. आपण पुन्हा खऱ्या अर्थाने आई झालो, अशी भावना अनेक मातांनी व्यक्त केली.

मादियानू व मिलर येथेच थांबले नाहीत, हे या अभ्यासाचे मोठेपण होय. मुलांची साक्ष वेगळी होती. जी मुले आई गेली तेव्हा बरीच मोठी होती आणि ज्यांचे तिच्याशी नाते मुळात घट्ट होते, त्यांना फोनचा आधार वाटला. ज्यांना अगदी लहानपणी सोडून आई गेली, त्यांच्यापैकी अनेकांना तोच फोन पाळत ठेवणारा किंवा नकोसा वाटला. आईच्या मनातील मूल ती निघाली त्या दिवसाच्या वयाचे राहिले होते. फोनवर बोलणारे मूल मात्र वाढलेले होते. संपर्क वाढल्याने दुरावा कमी होतो, हे सरसकट गृहीतक या साक्षींपुढे टिकत नाही.

याच संदर्भात उभय अभ्यासकांनी ‘पॉलिमीडिया’ ही संकल्पना मांडली. खर्च, उपलब्धता व कौशल्य यांच्या अडचणी दूर झाल्या की, माध्यमाची निवड ही नैतिक बाब बनते. पूर्वी आईने फोन केला नाही, तर दोष दराला देता येई. आता वेबकॅम सोडून नुसता संदेश पाठविणे म्हणजे चेहरा टाळणे ठरते आणि त्याचा जाब द्यावा लागतो. मातृत्वातील मूळची द्विधा या माध्यमांमुळे मिटत नाही, उलट ठळक होते, असे मादियानू यांचे प्रतिपादन आहे. त्याहूनही अस्वस्थ करणारे निरीक्षण असे की, दुरून आईपण निभावता येते ही खात्री परदेशातील मुक्काम लांबविण्याचे समर्थन बनते. यात मातांना दोषी धरणे अन्यायाचे होईल. घटस्फोटाची तरतूद नसलेल्या देशात मोडलेल्या संसारातून बाहेर पडण्याचा मार्ग काहींसाठी परदेशातूनच जात होता, हेही याच ग्रंथात नोंदविलेले आहे.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून साधनांची अडचण उभी राहते. पत्रे ट्रंकेत राहिली. ध्वनिफिती पुसून पुन्हा वापरता येत. सुरुवातीच्या मोबाईलमध्ये मोजकेच संदेश मावत आणि नव्यासाठी जुने खोडावे लागत. फ्रेंडस्टर हे एके काळी फिलिपिन्समध्ये अत्यंत लोकप्रिय असलेले संकेतस्थळ २०१५ मध्ये बंद पडले, तर २००३ मध्ये सुरू झालेली स्काईपची सेवा मे २०२५ मध्ये थांबली. ज्या काळात आई व मूल सर्वाधिक बोलले, त्या काळातील त्यांचे शब्द सर्वांत कमी उरले आहेत. त्यामुळे २००७ ते २०१० या काळातील संशोधनात नोंदविल्या गेलेल्या या मुलाखती आता स्वतःच एक दफ्तर बनल्या असून, आईची व मुलाची साक्ष त्यात शेजारीशेजारी, परस्परांशी न जुळणारी, अशी आढळते.