नीळ की पिवडी

शेडकार्डावरचे दोन बिस्किटी रंग पुढे करून भाची विचारते, "मामा, यातला कुठला?" आमच्या आजीला असा प्रश्न पडायची सोयच नव्हती. गिरगावातल्या चाळीत दिवाळीआधी चुना काढायचे, आणि त्यात नीळ टाकायची की पिवडी, एवढंच काय ते ठरवायचं.

त्याला कारण चुनाच. कळीचा चुना पाण्यात पडला की रटरटून उकळतो. त्या जळजळीत क्षारात बरेचसे रंग विटून जातात. नीळ सोडली तर मातीचे तेवढे तगतात: पिवडी, गेरू, काव, कारण त्यांचा रंग लोखंडाच्या गंजाचा. पिवडी चिमूटभर पडली तर मोतिया, मूठभर पडली तर बदामी. आज 'बेज' म्हणून मिरवणारी अभिरुची निम्मी तरी चुन्याच्या या खोडीतून आली, असं माझं मत आहे.

रंगारी पिवडी आदल्या रात्री वेगळी भिजवायचा आणि फडक्यातून गाळायचा. नाहीतर भिंतीवर पिवळे फराटे उठत. वर थोडा सरस. ओला चुना गडद दिसतो, वाळला की उजळतो. म्हणून रंगारी विटेच्या तुकड्यावर कुंचल्याचा एक हात मारून तो तुकडा उन्हात ठेवी. एवढं करूनही दुसरी बादली पहिलीशी कधी जुळत नसे. जिथे पहिली संपे, तिथे कपाट सरकवायचं. आणि भिंतीला टेकलेल्याच्या सदऱ्याला पाठभर पिवळं लागे, ते वेगळंच.

पुढे डिस्टेंपर आला. एशियन पेंट्स १९४२ साली चार मित्रांनी सुरू केली, तीही गिरगावातच. १९५४ मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला गट्टू नावाचा मुलगा काढला. डब्यातल्या रंगाला आता ठरलेलं नाव होतं, नंबर होता. तरी खोलीत पिवळा बल्ब होता तोवर क्रीम आणि बदामी रात्री सारखेच दिसायचे. ट्यूबलाइट आल्यावर शेजारणी एकमेकींच्या भिंती निरखू लागल्या.

आता दुकानातलं यंत्र पांढऱ्या बेसमध्ये मोजून रंग सोडतं. बिस्किटी छटांसाठी त्यात बहुधा लोखंडाचाच पिवळा ऑक्साइड असतो, म्हणजे कारखान्यात तयार झालेली पिवडी. डबा हलवून हातात मिळतो, आणि दुसराही तसाच निघतो. कपाट हवं तिथे ठेवा.