मकर, मोरी आणि मनांतला शार्क

संगमनेर हें समुद्राकडे पाठ करून वसलेलें गांव आहे. त्याच्या कडेनें वाहणारी प्रवरा सह्याद्रींत रतनगडाच्या परिसरांत उगम पावते. पण पश्चिमेच्या समुद्राकडे ढुंकूनही न पाहतां ती पूर्वेला वळते आणि आपलें पाणी गोदावरीच्या हातीं बंगालच्या उपसागराकडे पाठवून देते. अशा गांवचीं कुटुंबें आतां सुट्टींत मालवण-तारकर्लीला, अंदमानला, लक्षद्वीपला जाऊं लागलीं आहेत. तेथें डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवावयाचा, तोंडांत श्वासनळी धरावयाची आणि पाण्यावर पालथें तरंगत खालची प्रवाळांची नि माशांची सृष्टि न्याहाळावयाची, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. मौज मोठी आहे, परंतु मुखवटा हातीं येतांच घाटावरच्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं "येथें शार्क तर नाहीं ना?" प्रश्न स्वाभाविक दिसतो, मात्र दिसतो तितका तो जुना नाहीं. तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनें आला, हें आज पाहावयाचें आहे.

संगमनेरहून प्रवरेच्या कांठाकांठानें खालीं गेलें म्हणजे नेवासें लागतें. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं तेथें गीतेवरील आपली टीका सांगितली. त्याच गीतेच्या दहाव्या अध्यायांत, जलचरांमध्यें आपण मकर आहों, असें भगवंत म्हणतात. या मकराचें भाषांतर करतांना कोणी 'शार्क' म्हटलें, कोणी 'मगर' म्हटलें, आणि कोणी शहाणपणानें मूळ शब्दच ठेवला. मकर हा वरुणाचें वाहन, गंगेचें वाहन आणि मदनाच्या ध्वजावरचें चिन्ह. शिल्पांत त्याला कधीं हत्तीची सोंड असते, तर कधीं माशाचें शेपूट. अशा प्राण्याला भिऊन कोणी स्नान टाळल्याचें ऐकिवांत नाहीं. पाण्याचें ऐश्वर्य दाखविणें एवढेंच त्याचें काम होतें. देशावरच्या माणसाला समुद्र ठाऊक होता तो बहुतेक भवसागर म्हणूनच, आणि त्यांतले मकरही उपमेपुरतेच.

कोंकणांत उतरलें कीं हा सगळा थाट गळून पडतो. तेथें शार्कला मोरी म्हणतात, मुशी म्हणतात, आणि वाटण लावून त्याचें झणझणीत कालवण करतात. बाळंतिणीला दूध यावें म्हणून मोरी मुद्दाम खाऊं घालण्याची चाल या किनाऱ्यावर आहे. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहतो तो दर्याला, मोरीला नव्हे. त्याची भीति वाऱ्याची, खडकाची आणि पाण्याच्या ओढीची. ज्या जिवाला आपण भ्यावें असें आपणांस वाटतें, तो त्याच्या घरीं चुलीवर शिजत असतो!

शार्कची भीति ज्यांना खरोखर असावयास हवी होती ते मोत्यांचे पाणबुडे. भारत आणि सिलोन यांच्यामधल्या मन्नारच्या आखातांत शतकानुशतकें माणसें दोराच्या नि दगडाच्या आधारानें तळाशीं उतरत आणि शिंपले भरून वर येत. नळी नाहीं, मुखवटा नाहीं. एका दमाचें काम. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्या बाजूनें गेलेल्या मार्को पोलोनें लिहून ठेवलें आहे, कीं हिंस्र माशांना मंत्रानें बांधून ठेवण्यासाठीं ब्राह्मण नेमीत आणि मोत्यांचा विसावा हिस्सा त्यांस देत. मंत्र दिवसापुरताच असे. रात्रीं तो मुद्दाम सोडवीत, म्हणजे चोरून कोणीं पाण्यांत उतरूं नये. मला हा तपशील फार आवडतो. भीति पाण्यांत मोकळी सोडली कीं पहारेकऱ्याचा खर्च वांचतो.

पुढें पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले. मांत्रिक मात्र तसाच राहिला. ही विद्या ठराविक घराण्यांत वंशपरंपरेनें चाले, आणि एकोणिसाव्या शतकांत सिलोनचें इंग्रज सरकार शार्क बांधणाऱ्या मांत्रिकाला स्वतः पैसे देई. सरकारचा मंत्रावर विश्वास होता असें नव्हे. पण मांत्रिक नसला तर पाणबुडे उतरत नसत, आणि पाणबुडे उतरले नाहींत तर महसूल येत नसे. सिलोनमध्यें मोठ्या हुद्द्यावर राहिलेल्या इमर्सन टेनंटनें १८५९ च्या आपल्या ग्रंथांत या मांत्रिकांची हकीकत दिली आहे. शार्कमुळें झालेले अपघात तेथें अगदीं विरळ, हेंही त्यानें नमूद केलें आहे. नावांची दाटी आणि माणसांचा गलबला यांनींच मासे दूर जात असावेत. यश मात्र मंत्राच्या पदरीं पडे.

पश्चिमेकडेही ही भीति प्रारंभापासून आजच्या रूपांत नव्हती. १७४९ सालीं हवाना बंदरांत पोहतांना ब्रूक वॉटसन या चौदा वर्षांच्या पोराचा पाय शार्कनें तोडला. तो जगला, पुढें लंडनचा लॉर्ड मेयर झाला, आणि कॉपले या चित्रकारानें १७७८ मध्यें त्या प्रसंगाचें भव्य चित्र काढलें. पण ती उष्ण समुद्रांतली, खलाशांची गोष्ट होती. १८९१ मध्यें हर्मन ओल्रिक्स नांवाच्या न्यूयॉर्कच्या धनिकानें, समशीतोष्ण पाण्यांत शार्कनें माणसावर हल्ला केल्याचा पुरावा आणील त्याला पांचशें डॉलरचें बक्षीस लावलें; तें कोणींच नेलें नाहीं.

मग १९१६ चा जुलै आला. समुद्रस्नानाची हौस अमेरिकेंत तेव्हां फोफावत होती. १ जुलैपासून १२ जुलैपर्यंत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर चार माणसें शार्कच्या दाढेंत सांपडून मेलीं. त्यांपैकीं दोघे तर समुद्रांतही नव्हते. मॅटावन नांवाच्या खाडींत एक मुलगा गेला, आणि त्याला शोधावयास उडी घेतलेला तरुणही गेला. बारा दिवसांत एका राष्ट्राची समजूत पालटली. १९४५ च्या जुलैअखेर 'इंडियानापोलिस' ही युद्धनौका बुडाली. तिच्यावरील सुमारें बाराशें माणसांपैकीं ३१६ वांचलीं. पाण्यांत पडलेल्यांपैकीं पुष्कळजण तहानेनें, उन्हानें आणि खारें पाणी प्याल्यानें मेले, पण लोकांच्या स्मरणांत राहिले ते शार्क. पुढें १९७४ मध्यें पीटर बेंचलेची 'जॉज' ही कादंबरी आणि १९७५ मध्यें तिच्यावरचा चित्रपट निघाला. त्यानें ही भीति जिथें समुद्र नाहीं अशा गांवींही पोंचविली. घाटावरच्या प्रवाशाच्या मनांतला शार्क बहुधा याच पडद्यावरचा. स्वतः बेंचले उत्तर आयुष्यांत शार्कच्या रक्षणासाठीं झटला, ही गोष्ट त्या मानानें कोणाच्या कानीं गेली नाहीं.

शार्क चावतच नाहीं, असें कोणीं समजूं नये. २०२४ च्या फेब्रुवारींत पालघर जिल्ह्यांतील मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यांत एका माणसाच्या पायाचा शार्कनें लचका तोडला. गोड्या पाण्यांतही शिरणारी 'बुल शार्क' नांवाची जात आहे, तिचें हें कृत्य होतें. पण त्याच २०२४ सालीं, फ्लोरिडांत ठेवल्या जाणाऱ्या जागतिक नोंदीप्रमाणें, माणसानें कुरापत काढलेली नसतां झालेले शार्कचे चावे साऱ्या पृथ्वीवर ४७ होते, आणि त्यांत मृत्यू ४. आतां आपल्याकडे पाहा. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. २०२४ च्या मे महिन्यांत संगमनेरच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यांतील सुगांव येथें, प्रवरेंत बुडालेल्यांचा शोध घेत असतां राज्य आपत्ति प्रतिसाद दलाची नावच उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. त्या पाण्यांत ना मकर होता, ना मोरी. ज्या प्रवरेंत आपण पोरांना बेधडक सोडतों, तिची ओढ तेवढी होती. म्हणून सिंधुदुर्गाच्या तटाखालीं पाण्यांत उतरणाऱ्या आईनें नावाड्याला शार्कविषयीं विचारण्याआधीं पोराच्या अंगावरच्या तरंगत्या जाकिटाचे पट्टे ओढून पाहावे, आणि बोटींत किती माणसें भरलीं आहेत तीं मोजावीं.

शार्कच्या बाजूनें हिशेब मांडला तर तो फारच वेगळा निघतो. खुल्या महासागरांतील शार्क आणि त्यांचे भाऊबंद पाकट यांची संख्या १९७० पासून सुमारें ७१ टक्क्यांनीं घटली, असें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें. सर्वांत मोठा जो देवमाशाएवढा व्हेल शार्क, तो तर गाळून घेतलेल्या सूक्ष्म जिवांवर जगतो. त्याला २००१ मध्यें भारतांत कायद्याचें संरक्षण मिळालें. शार्कच्या परांच्या निर्यातीवर २०१५ पासून बंदी आहे. आणि महाराष्ट्राच्या बंदरांत जो शार्क सर्वांत अधिक उतरतो, तो दोन-अडीच फुटांहून क्वचितच मोठा असतो, लहान मासे नि कोळंबी खातो, आणि टोपलींत बांगड्याशेजारीं निमूट पडलेला असतो.