श्रीशांतादुर्गा : केळोशी ते कवळे

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुळांची कुलस्वामिनी कवळ्याची श्रीशांतादुर्गा होय. मंगलकार्याचे पहिले निमंत्रण तिला. परंतु देवी मूळची कोठली, असे विचारले असता तरुण मंडळी गप्प राहतात. तिशी उलटेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते, हे येथे कबूल करतो.

आख्यायिका सर्वश्रुत आहे. शिव आणि विष्णू ह्यांच्यात घोर युद्ध जुंपले. ब्रह्मदेवाच्या विनवणीवरून जगदंबा मध्ये उभी राहिली, दोहोंस दोन हातांनी आवरले व कलह शमविला. म्हणून ती शांतादुर्गा. तिच्या हातांतील दोन सर्प म्हणजे तेच दोघे, असे मानतात. आपल्यात स्मार्तही आहेत आणि वैष्णवही. मठांच्या अभिमानापायी सोयरिकी अडविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही कथा कितीदा ऐकली असेल! कित्येक अभ्यासक देवीचे नाते गोव्यातील गावोगावच्या सांतेरीशी जोडतात. सांतेरीची पूजा वारुळाच्या रूपाने होते आणि ती साऱ्या गावाची असते. तेव्हा देवी केवळ आपलीच, असे म्हणताना जरा थांबावे.

देवीचे मूळ स्थान साष्टीतील केळोशी. साष्टी १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेली. १५६६ साली तेथे नवी देवळे बांधण्यास आणि जुन्यांच्या दुरुस्तीस मनाई झाली. पाठोपाठ देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले. त्या धामधुमीत भक्तांनी देवीला झुवारीपलीकडे अंत्रुज महालात, कवळ्यास आणले. तो मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा. देवीला आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या राज्यात, हेही ध्यानात असावे. घरदार, शेतीभाती मागे टाकून किती कुटुंबे त्या वाटेने निघाली असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

आजचे भव्य देवालय त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी उभे राहिले. वेंगुर्ल्याकडील नारोराम मंत्री हे शाहू छत्रपतींच्या दरबारी होते. त्यांच्या खटपटीने व छत्रपतींच्या साहाय्याने १७३८ च्या सुमारास काम पुरे झाले. १७३९ मध्ये कवळे गाव देवस्थानास इनाम मिळाला. १७६३ साली फोंडाही पोर्तुगीजांनी घेतला. पण तोवर त्यांचा पहिला आवेश ओसरला होता. देवालय वाचले.

यंदा नातवंडांना कवळ्यास नेले होते. परतताना वाट वाकडी करून केळोशीसही गेलो. धाकटीने विचारले, "आजोबा, मग देवीचे घर कुठले?" मी तिला तिथल्या मातीला हात लावून नमस्कार करावयास सांगितले.