पुसलेल्या फिती आणि ग्वाल्हेरचे गाणे

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातील दाल बाजार हा धान्याच्या घाऊक व्यापाराचा बाजार आहे. तेथे मोल असते ते मालाला. तो ज्या बारदानातून येतो त्याला फारशी प्रतिष्ठा नसते. तथापि बारदान फुकट मिळत नाही, हेही व्यापारी विसरत नाही. माल उतरला की पोते झटकावे आणि दुसऱ्या मालासाठी पुन्हा भरावे, हा सरळ व्यवहार. कालच्या पोत्यात कोणत्या गावची तूर होती, असे कोणी विचारीत नाही आणि विचारण्याचे कारणही नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा व्यवहार पाहून एक वेगळीच हानी आठवते. विसाव्या शतकाने आवाज आणि हालते चित्र साठवून ठेवण्याची अपूर्व साधने निर्माण केली, आणि पुष्कळदा त्याच शतकाने त्या साधनांना बारदानासारखे वागविले.

याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधील आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथील तरुण पिढीचे संगीत, ज्याला पॉप आणि रॉक या नावांनी आपणही आता ओळखतो, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून घरोघर पोहोचले. त्या संगीताविषयी आपल्या वाचकांपैकी अनेकांचे मत अनुकूल नसेल. प्रस्तुत लेखकाचाही कान त्याला उशिराच सरावला. पण प्रश्न अभिरुचीचा नसून साधनांचा आहे. त्या काळी कोट्यवधी लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले हे कार्यक्रम आज बव्हंशी अस्तित्वात नाहीत. 'टॉप ऑफ द पॉप्स' हा बीबीसीचा साप्ताहिक कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झाला. त्या दशकातील त्याचे शेकडो भाग प्रक्षेपित झाले. त्यांतील संपूर्ण भाग आज बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. बीटल्स हा वाद्यवृंद त्या कार्यक्रमात प्रत्यक्ष उपस्थित राहून एकदाच गायला, १६ जून १९६६ रोजी. ती फीत पुसली गेली. २०१९ साली तिचा अकरा सेकंदांचा अंश हाती आला, तोही कोणा प्रेक्षकाने घरातील दूरचित्रवाणीसमोर आठ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा धरून टिपलेला, आणि मूक. गाणाऱ्यांचे ओठ हालतात. गाणे ऐकू येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला अधिक चटका लावणारी गोष्ट बॉब डिलनची आहे. २०१६ साली ज्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तो हा गीतकार १९६२ च्या अखेरीस एकवीस वर्षांचा होता. फिलिप सॅव्हिल या दिग्दर्शकाने त्याला न्यूयॉर्कमध्ये ऐकले होते आणि एका दूरचित्रवाणी नाटकात काम करण्यासाठी लंडनला आणले. नाटकाचे नाव 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट', लेखक एव्हन जोन्स. डिलनला संवाद म्हणणे जमेना, किंवा त्याची तशी इच्छा दिसेना. तेव्हा त्याच्या भूमिकेचे दोन भाग करून संवाद डेव्हिड वॉर्नर या नटाकडे दिले आणि डिलनकडे केवळ गाणे ठेवले. १३ जानेवारी १९६३ रोजी नाटक प्रक्षेपित झाले. 'ब्लोइंग इन द विंड' हे त्याचे गीत त्याच्या स्वतःच्या तबकड्यांच्या संग्रहातून प्रसिद्ध होण्यास अजून काही महिने अवकाश होता. इंग्लंडच्या प्रेक्षकांनी ते या नाटकात ऐकले. १९६८ साली ही नोंद नष्ट करण्यात आली. तोवर डिलन जगप्रसिद्ध झालेला होता, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. म्हणजे 'त्या वेळी कोणाला माहीत होते?' हे नेहमीचे समर्थन येथे लागू पडत नाही. पुढे शोध घेतला असता काही गीतांचे ध्वनिमुद्रण मिळाले, पण ते संस्थेच्या भांडारात नव्हते. नाटक सुरू असताना ज्या श्रोत्यांनी आपल्या घरी ध्वनिमुद्रणयंत्र चालू ठेवले, त्यांच्यापाशी ते राहिले होते.

असे का झाले, याची कारणे साधी आहेत. अमेरिकेतील ॲम्पेक्स कंपनीने १९५६ साली चित्रमुद्रणाचे यंत्र बाजारात आणले. त्याची फीत दोन इंच रुंदीची आणि फार महाग होती, पण ती पुन्हा वापरता येत असे. तिचे महत्त्व या शेवटच्या गुणात होते. टिकाऊपणाचा विचार कोणी केला नव्हता. नट आणि वादक यांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे एखादा कार्यक्रम किती वेळा दाखवता येईल यावर मर्यादा असे. मर्यादा संपली की ती फीत हिशेबाच्या दृष्टीने रिकामीच ठरे. पुढे १९६७ ते १९६९ या काळात तेथे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि काळी-पांढरी चित्रे पुन्हा दाखविण्याचे प्रयोजनही उरले नाही. दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. भांडारातील कारकुनाने कपाटात जागा केली. सर्व कार्यक्रम जतन करण्याचे निश्चित धोरण बीबीसीत येण्यास १९७८ साल उजाडावे लागले.

आता आपल्याकडे वळू. त्याच दशकात भारतात दूरचित्रवाणी जवळजवळ नव्हतीच. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात ती सुरू झाली, रोजचे प्रक्षेपण १९६५ पासून. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. ग्वाल्हेरच्या रसिकाला त्या काळात चालते चित्र पाहायचे तर चित्रपटगृहात जावे लागे. म्हणूनच त्या दशकातील आपल्या नव्या धाटणीच्या वादकांपैकी जे दृश्यरूपात उरले, ते चित्रपटामुळे. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'गुमनाम' (१९६५) या चित्रपटातील 'जान पहचान हो' या गीतात टेड लायन्स आणि त्याचे सहकारी हा मुंबईचा वाद्यवृंद वाजवीत असताना दिसतो. चित्रपट चालावा, पुनःपुन्हा लागावा, यासाठी कोणीतरी पैसा घातला होता. त्या पैशाने हे वादकही तगले. पंडित रविशंकर यांनी जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे रॉक गायकांच्या मेळाव्यात अल्लारखाँच्या साथीने केलेले वादनही असेच रंगीत चित्रफितीवर सुरक्षित आहे, कारण डी. ए. पेनबेकर हा चित्रपटकार तेथे कॅमेरे घेऊन हजर होता. सतारीचा तो दिवस आपण आज पाहू शकतो.

आणि ग्वाल्हेरचे गाणे? येथे काळाचे गणित नीट मांडले पाहिजे, कारण 'त्या काळी यंत्रे नव्हती' असे आपण वर्गात सर्रास सांगतो. हस्सूखाँ-हद्दूखाँ यांच्याविषयी ते खरे आहे. हद्दूखाँ १८७५ मध्ये वारले. परंतु फ्रेड गायस्बर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि गौहरजान हिचे गाणे त्याने तबकडीवर घेतले. त्यानंतर काही वर्षांतच तबकड्यांचा व्यापार देशभर पसरला. निसार हुसेनखाँ १९१६ पर्यंत हयात होते. ज्यांच्या घरी ते आयुष्याचा उत्तरकाळ राहिले आणि ज्यांना त्यांनी हातचे काही न राखता शिकविले, ते शंकरराव पंडित १९१७ मध्ये गेले. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकून ज्यांनी ही गायकी महाराष्ट्रात आणली, ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १९२६ पर्यंत होते. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत. यंत्र यांच्या उंबऱ्यापर्यंत आलेले होते. तरी यांपैकी एकाचाही आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही.

भास्करबुवांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. त्यांनी 'स्वयंवर' (१९१६) या नाटकाच्या पदांना चाली दिल्या. त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या आणि आजही ऐकता येतात. शिष्याचा कंठ उरला, गुरूचा गेला. इंग्लंडमध्ये जे लोकप्रिय होते ते पुसले गेले. आपल्याकडे जे लोकप्रिय होते तेवढेच तगले. दोन्ही देशांत नियम उलटा दिसतो, पण तो उलटा नाही. तबकडी ही विकण्याची वस्तू होती, तेव्हा तिच्यावर ज्याचा खप तो गायक आला. फीत ही संस्थेच्या खर्चाची बाब होती, तेव्हा तिच्यावरील गाणे खर्च वाचविण्यासाठी गेले. गुणवत्तेचा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारला गेला नाही. काही थोर गवयांनी यंत्राला नकार दिला असेल, आणि तीन मिनिटांत ख्याल मांडावयाचा या कल्पनेचीच त्यांना शिसारी आली असेल, तर त्यांना दोष देववत नाही. परंतु विकणाऱ्याने त्यांचा फार पाठपुरावा केला असेल, असेही वाटत नाही.

जे थोडे उरले त्यानेही घोटाळा होतो. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांच्या काही तबकड्या आहेत. त्या १९२० च्या आसपासच्या, म्हणजे मृत्यूपूर्वी दोन-तीन वर्षे अगोदरच्या. ज्या गायकाने ऐन उमेदीत श्रोत्यांना वेड लावले असे जुनी माणसे सांगत, त्याची आपली ओळख ही म्हातारपणीच्या काही तीन मिनिटांची. ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित यांचा जन्म १८९३ चा. १९१४ मध्ये त्यांनी लष्करात विद्यालय काढले आणि १९८९ पर्यंत ते जगले, म्हणून तबकडी, आकाशवाणी आणि दूरदर्शन या तिन्ही युगांना त्यांनी पाहिले. पण त्यांचेही जे गाणे आज सहज ऐकायला मिळते, ते बव्हंशी उतारवयातले. विद्यार्थी त्यावरून 'ग्वाल्हेरचा आवाज असा असतो' असे अनुमान बांधतो. वस्तुतः ते अनुमान गायकीविषयी थोडे आणि वयाविषयी जास्त असते. घराण्याच्या लक्षणांची जी यादी आपण परीक्षेसाठी पाठ करून घेतो, तिच्यातील किती लक्षणे अशा योगायोगाने ठरली, हे एकदा तपासले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की बंदिशी तर राहिल्या. खरे आहे. भातखंडे यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'त ग्वाल्हेरच्या कितीतरी चिजा स्वरलिपीत बांधल्या. १९१८ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले आणि राजाभैया पूछवाले यांनी तेथे पिढ्या घडविल्या. त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. परंतु स्वरलिपी म्हणजे नाटकाची संहिता. एखाद्या नटाचा प्रयोग पाहिला नाही, पण संहिता वाचली, असे म्हणणाऱ्याची समीक्षा आपण किती मानतो? बोल कुठे उचलला, सम किती सहज आली, तानेचा शेवट कसा विरला, हे कागदावर येत नाही. ते शिष्याच्या गळ्यात येते, आणि शिष्याच्या गळ्याबरोबर बदलते.

मुंबई केंद्र निघाल्यावर आपल्याला दुसरी संधी मिळाली होती. 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'गजरा' यांसारख्या कार्यक्रमांतून लेखक, नट आणि गायक पडद्यावर आले. त्या आरंभीच्या वर्षांतील अनेक भाग आज उपलब्ध नाहीत. फिती पुन्हा वापरणे येथेही नित्याचे होते, आणि काही कार्यक्रम थेट प्रक्षेपित होऊन मुळात नोंदलेच गेले नाहीत. इंग्लंडच्या चुकीचा बोभाटा अजून झालेला नव्हता, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की चूक कळण्यास परदेशाची गरज नव्हती. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उरली नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाचा पहिला आणि शेवटचा भागच हाती आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले ते याच जाणिवेतून. चित्रपटाविषयी आलेली ती जाणीव शेजारच्या फितीपर्यंत पोहोचली नाही.

इंग्लंडमध्ये जे परत मिळाले ते बहुतेक खाजगी घरांतून मिळाले. डेव्हिड बोवीचा १९७३ चा एक कार्यक्रम २०११ मध्ये सापडला, कारण त्या दिवशी कॅमेरा चालविणाऱ्या जॉन हेन्शॉल यांनी आपल्या कामाचा नमुना म्हणून प्रत ठेवली होती. आपल्याकडेही मैफलींची मुद्रणे घरांतच अधिक आहेत. गणेशोत्सवातील गाणे, गुरुपौर्णिमेची बैठक, रेडिओवरून उतरवून घेतलेला रात्रीचा कार्यक्रम, असे कितीतरी मोठ्या चकत्यांच्या फितींवर असते. लष्करातील जुन्या मराठी घरांत, मिरज-सांगलीकडे, इंदूर-देवासला ही मंडळी अजून आहेत. फितीवरचा लोहकणांचा थर दमट हवेत सुटत जातो, कधी वेटोळे एकमेकांना चिकटतात, आणि चालविण्याचे यंत्र दुरुस्त करणारा कारागीर शोधावा लागतो. म्हणून नोंद करायला जाणाऱ्या शिक्षकाने प्रथम फीत लावून ऐकण्याचा मोह आवरावा. आधी डबा पाहावा. त्यावर बहुधा रागाचे नाव असते, गायकाचे असते. तारीख आणि गाव मात्र नसते. ज्यांच्या घरी ती मैफल झाली, ते वडीलधारे जोवर सांगू शकतात तोवर ती त्यांना विचारून पेन्सिलीने डब्यावरच लिहावी, कारण सुटी चिठ्ठी हरवते.