दुर्गाघाटासमोरची वाळू आणि सोन्याची जागा

काशीच्या दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर एका हिवाळ्यातल्या सकाळी मी आणि माझा भाचा बसलो होतो. तो गेली काही वर्षे न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या ओटागो प्रांतात क्लुथा नदीकाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्रेजर लावून नदीतून सोने काढले जात असे. त्यांनी उपसून टाकलेल्या गोट्यांचे ढीग त्याने पाहिले होते. समोरच्या पात्राकडे बोट करून त्याने विचारले, "मामा, समजा या नदीत सोने असते, तर तुम्ही ड्रेजर कुठे लावला असता?"

मी म्हणालो, "इथेच, घाटाखाली. पात्र इथे सर्वांत खोल आहे आणि जड वस्तू खोलातच जाणार."

तो हसला आणि म्हणाला, "मग तुमची कंपनी पहिल्याच वर्षी बुडाली!"

तीस वर्षे शासकीय सेवेत काढलेल्या माणसाला हे उत्तर झोंबले, हे मान्य केले पाहिजे. पण त्यामुळेच मी हा विषय वाचून काढला. त्यातून जे हाती लागले, ते सोन्यापेक्षा प्रशासनाच्या अधिक उपयोगाचे आहे असे मला वाटते.

नदी वळते तेव्हा पृष्ठभागावरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळते आणि तिथून खाली जाते. तळाजवळचे मंद पाणी मात्र आतल्या काठाकडे सरकते. जेम्स थॉमसन यांनी १८७६ साली याची उकल केली आणि १९२६ साली आईनस्टाईन यांनी तीच गोष्ट चहाच्या पेल्यावरून समजावली. चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता तळाशी मध्यभागी गोळा होते, हे आपण रोज पाहतो. नदीचेही तसेच आहे. बाहेरचा काठ खरवडला जातो आणि तो माल आतल्या बाजूच्या वाळवंटात जमा होतो.

सोने पाण्याच्या सुमारे १९.३ पट जड असते, तर साधी वाळू सुमारे २.६५ पट. त्यामुळे एरवीच्या प्रवाहात सोने हलतच नाही. ते हलते मोठ्या पुरात. पुराचे पाणी वळणाच्या आतल्या बाजूला जिथे प्रथम मंदावते, तिथे, म्हणजे वाळवंटाच्या वरच्या, प्रवाहाकडील टोकाला ते खाली बसते. शिवाय ते वरच्या मऊ वाळूत थांबत नाही. वाळू हलत राहते तसे ते खाली खाली उतरते आणि खडकाच्या भेगेत किंवा कठीण चिकणमातीच्या थरावर विसावते. म्हणून जाणकार मनुष्य आधी पुराची रेषा ओळखतो, वळणाच्या आतल्या बाजूस ओळीने लहान खड्डे घेतो, प्रत्येक खड्ड्यातील माल परातीत धुऊन तळाशी उरणाऱ्या काळ्या जड वाळूतले कण मोजतो आणि मगच यंत्राचा खर्च करतो.

काशीला गंगा उत्तरवाहिनी होऊन वळते. घाट बाहेरच्या काठावर, कंकरमिश्रित कठीण मातीच्या उंच धारेवर आहेत. समोरची रेती आतल्या काठाची आहे. इथे सोन्याची खाण नाही. हिमालयातून निघालेले जड कण, उतार संपताच, बहुतेक मागेच राहतात. तरीही इथे सोने धुणारे आहेत. दुर्गाघाटाच्या थोडे वर, मणिकर्णिकेवर, चितेची राख आणि काठचा गाळ पाण्यात खेळवून त्यातले सोन्याचे कण वेगळे करणारी माणसे मी पाहिली आहेत. आपल्याकडे सराफांच्या दुकानातला केर धुणाऱ्या झारेकऱ्यांचे कसब हेच. ही विद्या कोणत्याही अहवालात नाही, ती हाताच्या हेलकाव्यात आहे.

दुर्गाघाट हा मराठी माणसाचा जुना ठिकाणा. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव या घाटाशी जोडलेले आहे. नाना फडणविसांचा वाडाही याच परिसरात आहे. नानांचे नाव निघाले की मला कर्मनाशा नदी आठवते. काशीच्या पूर्वेला असलेल्या या नदीच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य नष्ट होते, अशी समजूत होती. यात्रेकरूंची अडचण दूर व्हावी म्हणून नानांनी तिच्यावर पूल बांधायला घेतला. पैसा होता, इच्छा होती. पण वाळूत पाया ठरेना आणि काम अर्धवट राहिले. पुढे राजा पटनीमल यांच्या खर्चाने आणि जेम्स प्रिन्सेप यांच्या आराखड्यावरून पूल उभा राहिला. हे प्रिन्सेप बनारसच्या टांकसाळीत धातूचा कस पाहणारे अधिकारी होते, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. सोने शोधणारा आणि पूल बांधणारा या दोघांनाही नदीला एकच प्रश्न विचारावा लागतो: तुझा टणक थर कुठे आहे?

हा प्रश्न न विचारल्यास काय होते, हे दुर्गाघाटासमोरच अलीकडे दिसले. २०२१ साली घाटांवरचा पाण्याचा दाब कमी व्हावा म्हणून समोरच्या रेतीतून सुमारे ५ किलोमीटर लांबीचा आणि ४५ मीटर रुंदीचा कालवा ड्रेजरने खोदण्यात आला. खर्च सुमारे १२ कोटी रुपये. नदीचे अभ्यासक आधीपासून सावध करीत होते. त्याच वर्षीच्या पुरात कालवा बुडाला आणि वाळूने भरून गेला. यात नदीचा काही दोष नाही. ज्या नियमाने सोने आतल्या वळणाला बसते, त्याच नियमाने तिने तिथे आपला गाळ टाकला. ती हे काम दरवर्षी करते.

मला माझीही एक चूक आठवते. एका जिल्ह्यात असताना वाळूच्या लिलावाची फाईल माझ्यापुढे आली होती. नकाशा उन्हाळ्यातला होता, चतुःसीमा नेमक्या होत्या, सह्या पूर्ण होत्या. मी सही केली. पावसाळ्यानंतर वाळू त्या चतुःसीमेत राहिलीच नाही. ती पुढच्या वळणाला, दुसऱ्या गावाच्या हद्दीत जाऊन बसली आणि दोन्ही गावांत वर्षभर भांडण चालले. नकाशा काढण्यापूर्वी तिथल्या एखाद्या नावाड्याला विचारले असते, तर त्याने ती जागा पावसाच्या आधीच दाखवली असती.

भाच्याने निघताना पुन्हा विचारले, "आता सांगा, ड्रेजर कुठे लावाल?"

मी म्हणालो, "आधी लावणारच नाही. पलीकडे जाऊन, रेतीच्या वरच्या टोकाला दहा खड्डे घेईन. आणि नावाड्याला सोबत नेईन."

या वेळी तो हसला नाही.