सिमेंट-काँक्रीटचे कार्बन उत्सर्जन : परभणी जिल्हा

सिमेंट भाजताना आणि काँक्रीट वापरताना हवेत जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड कमी करण्याचे उपाय, आणि परभणी जिल्ह्याची माती, पाणी व बांधकामाच्या रीती पाहता त्यांतले कोणते इथे लागू पडतात, हा या नोंदीचा विषय. जिल्ह्यात सिमेंटची भट्टी नाही. दख्खनच्या पठारावरचा बेसाल्ट खाली आणि त्यावर काळी माती, अशी ही भूमी. चुनखडकाचे जाड थर तिच्यात नाहीत. मराठवाड्याच्या भोवती असे थर आहेत ते चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना-राजुरा भागात, कर्नाटकातील कलबुर्गीकडे आणि तेलंगणातील तांडूर पट्ट्यात. सिमेंटचे कारखाने तिथेच उभे राहिले. परभणीत, सेलूत किंवा पाथरीत स्लॅब पडतो तेव्हा त्याचा वायू आधीच शेकडो किलोमीटर दूर हवेत गेलेला असतो. म्हणून या जिल्ह्याचा वाटा भट्टी सुधारण्यात फारसा नाही. कोणती गोणी घ्यायची, तिच्यात पाणी किती घालायचे आणि ओतलेले काम किती दिवस ओले ठेवायचे, या गोष्टींवर तो ठरतो.

वायू नेमका कुठून येतो : चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत तो तापला की १०० किलोमागे ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो. हा चुना, मातीतील सिलिका, ॲल्युमिना आणि लोह सुमारे १४५० अंश सेल्सिअसला एकत्र भाजून ‘क्लिंकर’चे खडे बनतात, ते जिप्समसह दळले की सिमेंट तयार. क्लिंकरमध्ये चुन्याचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे टनभर क्लिंकरमागे अर्ध्या टनाहून अधिक वायू निव्वळ दगडातून निघतो, मग भट्टीत कोळसा जाळा की आणखी काही. इंधनाचा वायू त्यावर वेगळा. जगातील मानवनिर्मित कार्बन डाय-ऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के सिमेंट उद्योगातून येतो आणि सिमेंट उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक आहे. भट्टीसाठी सौरऊर्जा, टाकाऊ उष्णतेपासून वीज, पिकांचे अवशेष हे सगळे करण्याजोगे आहे; पण दगडातला वायू त्याने थांबत नाही. तो कमी करायचा तर गोणीतला क्लिंकर कमी करावा लागतो, किंवा गोण्याच कमी लागतील असे बांधावे लागते.

माळवदापासून स्लॅबपर्यंत : परभणी परिसरातील जुनी घरे भेंड्यांच्या किंवा दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची. खांब-तुळयांवर फळ्या किंवा किलचण, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. गरिबाचे घर तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाचे, वर शेणामातीचा लेप. वाडे आणि घाट यांच्या बांधणीत घाणीत मळलेला चुना असे. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे भाजूनही चुना मिळवत. जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यातील धारासूर इथली मध्ययुगीन मंदिरे घडीव दगडांची आहेत. ती आठ शतकांच्या आसपास उन्हापावसात उभी आहेत आणि त्यांत सिमेंटचा कणही नव्हता.

ही परंपरा सुंदर आहे, पण तिच्याकडे जसेच्या तसे परत जा असे सांगणे मराठवाड्यात बेजबाबदारपणाचे ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवद यांच्याखाली सापडली होती. त्यानंतर माळवदाखाली झोपायची भीती साऱ्या मराठवाड्यात पसरली आणि घर म्हणजे आरसीसी हे समीकरण पक्के झाले. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २०२४ साली झालेले धक्के परभणीतही जाणवले. काँक्रीट इथे सुरक्षिततेसाठी आले आहे; उत्सर्जन कमी करण्याचा कोणताही उपाय या सुरक्षिततेला धक्का न लावणारा असला पाहिजे. पट्टे, कोपऱ्यांतल्या सळया आणि तुळयांची जोडणी यांत काटकसर करायची नसते. काटकसर करायला जागा दुसरीकडे पुष्कळ आहे.

परळीची राख : गंगाखेडपासून तीसेक किलोमीटरवर, बीड जिल्ह्यात, परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून ते कोळसा जाळते आहे. गोदावरीवरील सोनपेठ तालुक्यातील खडका बंधारा हा त्याच्या पाण्याचा एक आधार; म्हणजे परभणीचे पाणी तिकडे जाते आणि तिकडची राख व विटा इकडे येतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण जास्त, बहुधा ३० ते ४० टक्के. चिमणीपाशी पकडली जाणारी बारीक राख, म्हणजे फ्लाय ॲश, ही स्वतः सिमेंट नाही; पण सिमेंट पाण्याशी मिसळल्यावर जो चुना सुटतो त्याच्याशी तिच्यातील सिलिका हळूहळू संयोग पावते आणि तोच चिकट, बळकट पदार्थ तयार होतो. या गुणावर पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, बाजारातले ‘पीपीसी’, उभे आहे. आयएस १४८९ या मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख चालते.

हिशेब ढोबळ, पण बोलका आहे. ५० किलोच्या साध्या पोर्टलँड सिमेंटच्या (‘ओपीसी’) गोणीत ९० टक्क्यांहून अधिक क्लिंकर असतो. तिच्यामागे ४० किलोच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड येतो. ३० टक्के राखेच्या पीपीसी गोणीमागे तो २७-२८ किलोवर उतरतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. तेवढा पाच इंची स्लॅब एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा धरला तर सुमारे २५ गोण्या लागतात. एका घरकुलाच्या फक्त स्लॅबमध्ये, काही जास्तीचे न करता, गोणी बदलून ३०० किलोंच्या आसपास वायू वाचतो.

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने राखेचा वापर बंधनकारक करायला सुरुवात केली आणि पुढे ती नियमावली अनेकदा कडक केली. राख-वापराचे स्वतंत्र धोरण २०१६ साली स्वीकारणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. परळीच्या परिसरातील वीटभट्ट्या मातीत राख मिसळतात, आणि राख, चुना किंवा सिमेंट दाबून केलेल्या न भाजलेल्या विटाही बनतात. भाजलेल्या विटेसाठी नदीकाठची सुपीक माती खरवडावी लागते. राखेची वीट ती वाचवते. मात्र उघड्या ट्रकमधून उडत जाणारी राख रस्त्याकाठच्या गावांच्या फुप्फुसांत आणि पिकांवर बसते. झाकलेल्या, ओल्या केलेल्या वाहतुकीशिवाय राखेला हिरवे साहित्य म्हणणे त्या गावांवर अन्याय आहे.

पाणी, आणि पुन्हा पाणी : भारतात विकल्या जाणाऱ्या सिमेंटमध्ये पीपीसीचा वाटा आजच सर्वांत मोठा आहे. तरी स्लॅबची वेळ आली की मिस्त्री आणि मालक ‘५३ ग्रेड’चे ओपीसी मागतात. त्यामागे अडाणीपणा नाही. पीपीसी सावकाश पक्के होते. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि बल्ल्या भाड्याच्या असतात; त्या लवकर सोडवून दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात, आणि ५३ ग्रेड लवकर बळ धरते. राख चुन्याशी संयोग पावते ती ओल असेपर्यंतच. काँक्रीट सुकले की राख निव्वळ भरताड म्हणून पडून राहते. आयएस ४५६ : २००० हे मानक साध्या सिमेंटचे काम किमान सात दिवस ओले ठेवायला सांगते, पीपीसीसारखे मिश्र सिमेंट असेल किंवा हवा उष्ण व कोरडी असेल तर किमान दहा दिवस, आणि मिश्र सिमेंटला अशा हवेत चौदा दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस करते.

परभणीची खरी अडचण इथे आहे. गावात बांधकाम सुरू होते ते कापूस आणि तुरीचे पैसे हातात आल्यावर, आणि उरकायचे असते ते पावसाआधी. म्हणजे स्लॅब पडतो बहुधा मार्च ते मे या महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर, वारा कोरडा आणि विहीर तळाला गेलेली. टँकरचे पाणी माणसांना पुरवावे की स्लॅबला? घरातल्या बाईने लांबून आणलेली घागर छतावर ओतायला कोणाचे मन धजेल? मग तीन दिवस पाणी मारतात आणि सोडून देतात. पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात, पावसाळ्यात पाणी झिरपते, सळई गंजते, काही वर्षांत ढलपे पडतात आणि पुन्हा सिमेंट आणावे लागते. कमी क्लिंकरच्या गोणीत वाचवलेला वायू या दुरुस्तीत परत हवेत जातो. पीपीसीची बदनामी होते ती अशा कामांमुळे.

म्हणून या जिल्ह्यात सर्वांत स्वस्त हवामान-उपाय म्हणजे स्लॅबची वेळ बदलणे : पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत, विहिरीला पाणी असताना आणि हवा सौम्य असताना. घरकुलाचे हप्ते या महिन्यांत लाभार्थ्याच्या हाती पडतील असे नियोजन झाले तर एकही नवे यंत्र न आणता काम सुधारेल. उन्हाळ्यातच ओतायचे असेल तर संध्याकाळी ओतावे. वाफे करून उघडे पाणी साठवण्यापेक्षा ओल्या गोणपाटावर प्लास्टिकचा कागद अंथरावा. तेच पाणी कितीतरी अधिक टिकते. बल्ल्या आठवडाभर जास्त ठेवण्याचे भाडे हे स्लॅबच्या खर्चातच धरायला हवे.

मिश्रणातले पाणी ही उलट बाजू. काँक्रीट सहज पसरावे म्हणून पाइप सोडला की ताकद घसरते. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणाचा हा नियम डफ अब्राम्स यांनी १९१८ साली अमेरिकेत मांडला आणि तो आजही तितकाच खरा आहे. नाममात्र मिश्रणाच्या एम-२० काँक्रीटला मानकाने गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी ठरवले आहे. घमेल्याने मोजलेली ओली वाळू, खडी आणि अंदाजाचे पाणी या पद्धतीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग ताकद भरून काढायला वर एक गोणी जास्त टाकतात. मापाची पेटी आणि खुणेची बादली या दोन वस्तूंनी ती गोणी वाचते. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेची वाळू दुर्मीळ झाल्यापासून बेसाल्टची क्रश सँड सर्वत्र आली आहे. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तिला स्थान आहे. पण धूळ न धुतलेली कच वापरली तर पाण्याची आणि पर्यायाने सिमेंटची भूक वाढते.

काळी माती : पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी ही माती सिमेंटचा छुपा खर्च वाढवते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंती तडकतात, रस्ते उखडतात. मुरूम लागेपर्यंत खोदणे, किंवा खाली फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड खांब वापरणे हे रुळलेले उपाय आहेत. कालव्यांच्या अस्तरीकरणात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर येतो, आणि जायकवाडीचा डावा कालवा परभणीपर्यंत येतो तो अशाच जमिनीतून. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकट अशा मातीचा थर दाबून दिला तर वरचे अस्तर तडकत नाही. योग्य प्रतीचा मुरूम हे काम करतो. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेले हे संशोधन सिमेंट वाचवणाऱ्या तंत्रांच्या यादीत क्वचितच दिसते. माझ्या मते ते अग्रभागी असायला हवे. गावठाणातल्या सिमेंट रस्त्यांनाही हेच लागू : खालचा थर नीट न दाबता ओतलेला रस्ता फुटला की त्याचे उत्सर्जन दुप्पट होते.

इतर पर्याय : भाजलेली चिनी माती, चुनखडकाची पूड आणि निम्मा क्लिंकर यांच्या एलसी-थ्री सिमेंटमुळे उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि त्याला २०२३ साली आयएस १८१८९ हे भारतीय मानक मिळाले. त्याला केओलिनयुक्त माती लागते. परभणीच्या काळ्या मातीतील खनिज वेगळे, त्यामुळे हे सिमेंट इथे येईल ते बाहेरूनच. झोतभट्टीच्या मळीचे सिमेंटही तसेच : जवळच्या जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत, पण ते भंगार वितळवणारे, त्यांची मळी सिमेंटमध्ये क्लिंकरची जागा घेणारी नव्हे. गंगाखेड-पाथरी भागातील साखर कारखान्यांत बगॅसची राख निघते. पुरेशा तापमानाला जळून बारीक दळली तर तिच्यातही पोझोलानाचा गुण असतो. प्रत एकसारखी राखणे हाच तिथला कळीचा मुद्दा. लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेला फिलर स्लॅब, ज्यात खालच्या ताणाच्या भागात काँक्रीटऐवजी कौले बसवतात, तो इथल्या उन्हाळ्यात घरही थंड ठेवतो. त्यासाठी हवा शिकलेला गवंडी. दुरुस्तीच्या कामात, विशेषतः जुन्या मंदिरांच्या आणि वाड्यांच्या, चुनाच योग्य. चुना भाजतानाही वायू सुटतो, पण भट्टीला ९०० अंशांच्या आसपासचे तापमान पुरते आणि घट्ट होताना चुना हवेतला बराच वायू परत शोषतो. सिमेंटचा गिलावा जुन्या दगडाची ओल कोंडून त्याला पोखरतो.

परळीच्या राखेचा आधारही कायमचा नाही. तिथले जुने संच बंद झाले आहेत, पाण्याअभावी २०१५ साली केंद्रच थांबवावे लागले होते, आणि सौरवीज वाढेल तशी कोळशाची राख देशभर घटत जाईल. राखेच्या तलावांत दशकानुदशके साचलेला साठा मात्र शिल्लक आहे. तो ओला, जाडसर आणि मिश्र प्रतीचा. सिमेंटसाठी लागणाऱ्या आयएस ३८१२ च्या कसोटीला उतरवायचा तर तो वाळवून, चाळून, दळून घ्यावा लागतो. विटा, भराव आणि रस्त्याचे खालचे थर यांसाठी मात्र त्याला एवढ्या प्रक्रियेची गरज नसते.