मोजा, सलाई आणि किचनरचा टाका

परभाषेतून मराठीत आलेले शब्द शिकवताना मी 'मोजा' हा शब्द हमखास फळ्यावर लिहिते. मुलांना तो अस्सल मराठी वाटतो. फारसीत 'मोज़ा' म्हणजे घोट्याच्या वर जाणारा कातडी बूट. वुज़ू करताना मोज्यांवर मसह करण्याचा जो मसला आपण लहानपणी पाठ करतो, त्यात तो जुना चामड्याचा अर्थ अजून टिकून आहे. बाकी व्यवहारात बूट गळाला आणि आतलं मऊ वस्त्र उरलं. मराठीने तर त्यातून 'हातमोजा'ही घडवला, पायातली वस्तू हातात चढवली! जुन्या मराठीतला 'पायताबा' फारसीच, उर्दूतला 'जुराब' अरबी 'जौरब'वरून आलेला, आणि 'शाल'ही फारसी.

शब्दांचा एवढा माग काढायचं कारण असं, की सुयांवरचं विणकाम ही मडमांची देणगी असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. दख्खनपुरतं ते बरंचसं खरंही आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिची मागावर घोंगडी उत्तम होते, पण बाळाचं टोपडं करायला ती नको वाटते. थंडीही दोन महिन्यांची पाहुणी. त्यामुळे स्वेटर आणि लोकरीच्या सपाता आपल्याकडे उशिरा आल्या, आणि त्या आणण्यात मिशनच्या शाळा व इंग्रज बायकांचा मोठा हात होता. पण गोष्टीची सुरुवात इंग्लंडात नाही.

दोन सुयांवर विणलेले, आज हाती असलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले आहेत. साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले हे मोजे लोकरीचे नाहीत, सुताचे आहेत, आणि रंग पांढरा व निळीचा. त्याआधी, चौथ्या-पाचव्या शतकातही तिथे लोकरीचे मोजे होते. पण ते एकाच सुईने गाठ मारत केलेले. त्यांना अंगठ्यासाठी वेगळा कप्पा आहे, कारण ते चपलेत घालायचे. आपल्या बाजारात बायकांसाठी अंगठ्याचे मोजे मिळतात ना, थेट तसेच.

त्या निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांपैकी काहींवर कूफी वळणाची अक्षरं विणलेली आहेत, आणि ती 'अल्लाह' अशी वाचली जातात. हे वाचून मी चमकले. पायातल्या वस्तूवर हे नाव? आज असा मोजा बाजारात आला तर दुपारपर्यंत दुकानाला कुलूप लागेल. त्या काळच्या विणकराला त्यात बेअदबी वाटली नसावी. कूफीच्या उभ्या-आडव्या रेघा टाक्यांच्या चौकटीत सहज बसतात, त्यामुळे ती अक्षरं नक्षी म्हणून आली असतील. किंवा चालणाऱ्याची पावलं सलामत राहावीत, ही दुआ असेल. मला दुसरी शक्यता आवडते, पण आवडणं हा पुरावा नव्हे. एवढं खरं, की अदबीच्या कल्पनाही काळाबरोबर बदलतात, आणि आपल्याला वाटतात तितक्या त्या सनातन नसतात.

तिथून स्पेन. राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा १२७५ मध्ये वारला. बुर्गोसच्या लास उएल्गास मठातल्या त्याच्या कबरीत रेशमी विणकामाची उशी सापडली. एका इंचात सुमारे वीस टाके, आणि काठावर अरबीत 'बरकत' हा शब्द पुन्हा पुन्हा. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली मुसलमान कारागिराची दुआ. यावरून 'विणकाम आम्हीच शोधलं' म्हणत छाती फुगवणाऱ्यांचे निरोप मोबाइलवर येतात, त्यांना मी उत्तर देत नाही. सर्वांत जुना उरलेला नमुना म्हणजे पहिला नमुना, असं नसतं.

आता हिंगोली. निज़ामाच्या राज्यातलं हे छावणीचं गाव. हैदराबाद कंटिंजंटची फौज इथे असायची. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि इथली छावणी उठली. तेव्हा हिंदुस्थानचा सरसेनापती होता लॉर्ड किचनर. मोजे विणणाऱ्या बाईला हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत असतं. मोज्याची बोटांकडची दोन तोंडं शिवण न दिसता जोडायच्या पद्धतीला इंग्रजीत 'किचनरचा टाका' म्हणतात. शिवणीचा उंचवटा बुटात सैनिकाच्या बोटांना घासतो, म्हणून पहिल्या महायुद्धात किचनरनेच ही युक्ती काढली, अशी आख्यायिका आहे. पुरावा काही नाही. युक्ती एखाद्या बाईची असणार आणि नाव लागलं सेनापतीचं, असं मला वाटतं.

पुढे सुयांपेक्षा क्रोशा आपल्याकडे जास्त रुजला. साहजिक आहे, सूत इथलंच आणि आकडा एकच. फ्रेंचमध्ये 'क्रोशे' म्हणजे छोटा आकडाच. शेजारच्या आंध्रात नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही जाळी शिकवली आणि तिचा माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये तिथल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या या बायकांना 'घरी बसणाऱ्या' म्हटलं जायचं, आणि त्यांच्या कामाला फावल्या वेळातला उद्योग. मजुरी त्या हिशेबानेच.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला क्रोशाच्या नमाज़ी टोप्या करतात. यंत्रावरच्या टोप्या स्वस्त मिळत असल्या तरी त्यांच्याकडे रमज़ानआधी गिऱ्हाईक येतं. एका टोपीला किती वेळ लागतो, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "टाइम कौन गिनता बेटा, पकाते-पकाते हो जाती." मग मी शेजारी बसून घड्याळ लावलं. भाकरी, पाणी, दारावरची माणसं सोडून निव्वळ हाताचे तास मोजले, ते साडेसहा भरले.